नारपोलीचा यंत्रमाग कामगार आणि त्याचे मत

मुंबईच्या गिरणगावात कामगाराचे मत दीर्घकाळ कामगार म्हणून पडत असे. श्रीपाद अमृत डांगे 1957 व 1967 मध्ये तेथून लोकसभेवर गेले. 1970 च्या परळ पोटनिवडणुकीत शिवसेनेने या परंपरेला तडा दिला हे खरे. तथापि 1984 मध्येही डॉ. दत्ता सामंत अपक्ष म्हणून निवडून आले. 1982 च्या संपानंतर गिरण्यांचे विणकाम मोठ्या प्रमाणावर भिवंडीकडे वळले. काम आले, पण ते राजकारण आले नाही. असे का झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात भिवंडीतील नारपोली या यंत्रमाग वस्तीच्या संदर्भात केला आहे.

गिरणीच्या एका फाटकातून हजारो कामगार आत जात. यंत्रमागाच्या गाळ्यात मोजकी माणसे असतात. 1948 च्या कारखाना कायद्याने विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी दहा कामगारांची मर्यादा घातली. ती चुकविण्यासाठी एकाच छपराखालील माग अनेकांच्या नावे दाखविण्याची पद्धत या धंद्यात रूढ झाली. मालकही पुष्कळदा व्यापाऱ्याचे सूत घेऊन जॉबवर कापड विणणारा. मोमीन-अन्सारी असो वा तेलुगू पद्मशाली, कामगार गावच्या अथवा नात्याच्या ओळखीने मागावर लागतो. खोली आणि उसनवारीही त्याच ओळखीतून मिळते. 1970 व 1984 च्या दंगलींनी समाजासमाजांतील अंतर वाढविले. शिवाय अनेकांचे नाव मतदारयादीत गावाकडेच असते, हा मुद्दा अभ्यासकांकडून सहसा निसटतो.

भिवंडी पूर्व मतदारसंघाने 2009 मध्ये समाजवादी पक्षाला, 2010 च्या पोटनिवडणुकीत व 2014 मध्ये शिवसेनेला, तर 2019 व 2024 मध्ये पुन्हा समाजवादी पक्षाला निवडून दिले. या पंधरा वर्षांत शहराचा मुख्य धंदा तोच राहिला. निकालांवरून व्यक्तीचे मत ओळखता येत नाही. तरीही एवढी उलथापालथ केवळ उत्पन्नाने स्पष्ट होत नाही. कोणत्या समाजाची मते एकवटली आणि कोणाची विभागली, याचा विचार येथे अधिक उपयोगी पडतो.

एक आर्थिक प्रश्न मात्र येथे सर्वपक्षीय ठरला: विजेचा. 2007 मध्ये वीजवितरण खाजगी कंपनीकडे गेल्यापासून वीजबिल हा प्रचाराचा विषय झाला. माग थांबला की मालकाचा धंदा बुडतो आणि कामगाराची मजुरीही. मीटरमागे मजुरी किती, हा प्रश्न मात्र एकट्या कामगाराचा असतो, आणि त्यावर त्याचा मालकच समोर उभा असतो. त्या प्रश्नावर मते मागणारा उमेदवार त्याला त्याच्या समाजात सापडणे कठीण, कारण तेथील पुढारी बहुधा मागाचे मालकच असतात.