गरिज्जीम आणि एबाल : बायबलातील शापवचनांचा एक ऐतिहासिक विचार

'शाप' हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या मनासमोर कमंडलूतील पाणी हातावर घेतलेला कोपिष्ट ऋषी उभा राहतो. त्याच्या शब्दाचे सामर्थ्य त्याच्या तपात असते. शाप दिल्याने ते तप उणावते, आणि उःशापाने शापाची धार बोथट करता येते. हाच अर्थ मनात धरून बायबल वाचू लागल्यास गोंधळ होण्याचा संभव आहे. रागाच्या भरात उच्चारलेले शाप तेथेही आहेत. परंतु ख्रिस्ती धर्मविचारावर ज्या शापवचनांचा खोल ठसा उमटला, ती कोणा एकाच्या क्रोधातून निघालेली नसून संबंध समाजाने एकत्र उभे राहून स्वतःवर ओढवून घेतलेली आहेत. असे का व्हावे, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

मोशेच्या पाचव्या ग्रंथास मराठी बायबलात 'अनुवाद' हे नाव आहे. भाषांतर ह्या अर्थी नव्हे, तर आधी सांगितलेले पुन्हा सांगणे ह्या जुन्या अर्थी. त्याच्या २७ व्या अध्यायात मोशे आज्ञा करतो की, यार्देन नदी ओलांडल्यावर इस्राएलाच्या सहा वंशांनी आशीर्वादासाठी गरिज्जीम डोंगरावर व सहांनी शापासाठी एबाल डोंगरावर उभे राहावे. हे दोन्ही डोंगर प्राचीन शखेम, म्हणजे आजचे नाब्लुस, ह्या नगराच्या दोहों बाजूंस समोरासमोर आहेत. लेव्यांनी एकेक शाप मोठ्याने म्हणावा आणि लोकांनी त्यावर 'आमेन' म्हणावे, असा विधी आहे. नवल असे की, शाप बारा दिलेले आहेत; त्यांच्या जोडीचे बारा आशीर्वाद मात्र ग्रंथात नाहीत. पुढील अध्यायात दोन्ही येतात, पण तेथेही आशीर्वादास १४ ओव्या आणि शापास ५४ ओव्या असा विषम हिशेब आहे.

हे बारा अपराध कोणते ते पाहिले म्हणजे विधीचा हेतू ध्यानात येऊ लागतो. गुप्तपणे मूर्ती स्थापणे, आईबापांचा अवमान, शेजाऱ्याच्या शेताची हद्द सरकवणे, आंधळ्याची वाट चुकवणे, परका, अनाथ व विधवा ह्यांचा न्याय विपरीत करणे, घरातल्या घरातील अगम्यगमन, शेजाऱ्यावर लपून प्रहार करणे, निर्दोषाच्या वधासाठी लाच घेणे. ह्यांतील बहुतेक गोष्टी साक्षीदाराच्या दृष्टीआड घडणाऱ्या आहेत. रात्री हललेला बांधाचा दगड कोणी पाहिला? आंधळा कोणाची ओळख पटवणार? जेथे पंचांचे हात पोचत नाहीत, तेथे शाप उभा केलेला आहे. गुन्हेगाराने भर सभेत इतरांबरोबर 'आमेन' म्हटलेले असते. म्हणून त्याचा निवाडा त्याच्याच तोंडून आधीच झालेला असतो. कोकणातील शिलाहारकालीन गद्धेगाळ पाहिलेल्या अभ्यासकास ही युक्ती अपरिचित वाटू नये. दान देणारा राजा गेल्यावर त्या भूमीचे रक्षण कोण करणार, ह्या प्रश्नाचे उत्तर तेथेही शिळेवरील शापानेच दिलेले आहे.

ह्या विषयावर सर्वांत अधिक प्रकाश पाडला तो अश्शूरच्या मातीने. १९५५ मध्ये इराकातील निमरूद येथे, म्हणजे प्राचीन कल्हूत, मॅक्स मॅलोवन ह्यांच्या उत्खननात एसरहद्दोन राजाने (इ. स. पू. ६८१–६६९) मांडलिकांकडून घेतलेल्या शपथेच्या मृत्तिकापट्टांचे तुकडे सापडले, डी. जे. वाइझमन ह्यांनी ते १९५८ मध्ये प्रसिद्ध केले. इ. स. पू. ६७२ मधील हा करार असून, आपल्या पश्चात पुत्र अशुरबनिपाल ह्याच्याशी एकनिष्ठ राहावे, हा त्याचा आशय. त्याचा फार मोठा भाग शापांनी व्यापलेला आहे. शपथ मोडणाऱ्यास चंद्रदेवाने त्वचारोग द्यावा, सूर्यदेवाने त्याची दृष्टी हरावी, त्याचे मांस गिधाडांनी खावे, त्याची स्त्री शत्रूच्या शय्येवर जावी, भूमी लोखंडाची व्हावी आणि पितळी आकाशातून पाऊस पडू नये. आता 'अनुवादा'चा २८ वा अध्याय पाहावा : प्रेते पक्ष्यांचे भक्ष्य होणे, त्वचारोग, अंधत्व, वाग्दत्त वधू दुसऱ्याने भोगणे हे सारे तेथे ओळीने आले आहे, धातूचे आकाश आणि लोखंडाची भूमीही आहे. आर. फ्रँकेना आणि मोशे वाइनफेल्ड ह्यांनी १९६५ मध्ये स्वतंत्रपणे हे साम्य पुढे मांडले.

साम्य म्हणजे उसनवारी नव्हे, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. इ. स. पू. १४ व्या व १३ व्या शतकांतील हित्ती करारांत शाप व आशीर्वाद दोन्ही आढळतात. अश्शुरी करारात आशीर्वाद जवळजवळ नाहीत. तथापि यहूदाचा राजा मनश्शे हा एसरहद्दोनच्या मांडलिकांत नावानिशी नोंदलेला आहे, आणि २००९ मध्ये तुर्कस्तानातील तेल तायिनात येथे ह्याच कराराची एक प्रत देवालयात मिळाली. पश्चिमेकडेही ह्या प्रती ठेवल्या जात, हे तीवरून निश्चित झाले. तेव्हा यरुशलेमात अशी प्रत होती, हे अनुमान आम्हांस संभाव्य वाटते. तसे असेल तर 'अनुवादा'च्या कर्त्यांनी सम्राटाच्या नावे घ्यावयाची शपथ सम्राटाकडून काढून देवाच्या नावे लावली असे होते. मांडलिकाच्या लेखणीने केलेले हे बंड किरकोळ म्हणता येणार नाही.

त्या शब्दांचा धाक केवढा होता, हे योशीया राजाच्या कथेवरून कळते. इ. स. पू. ६२२ च्या सुमारास मंदिराची डागडुजी चालली असता नियमशास्त्राचा एक ग्रंथ सापडला. तो वाचून दाखवताच राजाने आपली वस्त्रे फाडली. हा ग्रंथ म्हणजे 'अनुवादा'चेच मूळ रूप असावे, हे मत डे वेट्टे ह्यांच्या १८०५ मधील प्रबंधापासून चालत आले आहे. शाप टळणार नाहीत, पण राजास शांतीने मूठमाती मिळेल, असे हुल्दा ह्या संदेष्ट्रीने सांगितले. पुढे इ. स. पू. ६०९ मध्ये योशीया मगिद्दो येथे मिसरी राजाच्या हातून मारला गेला! संपादकांनी ही विसंगती पुसून टाकली नाही, ह्यावरून त्या परंपरेच्या प्रामाणिकपणाची साक्ष पटते.

आशीर्वादाचा प्रवास अधिक सौम्य आहे. १९७९ मध्ये यरुशलेमजवळ केतेफ हिन्नोम येथील थडग्यात गॅब्रिएल बरकाय ह्यांना चांदीच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या मिळाल्या. 'गणना' ग्रंथातील याजकांच्या आशीर्वादाशी जुळणारा मजकूर त्यांवर कोरलेला होता. शाप सभेत म्हटला जाई. आशीर्वाद माणूस ताइतासारखा अंगावर बाळगी.

ख्रिस्ती विचारात हा वारसा पौलाच्या हातून आला. 'गलतीकरांस पत्र' ह्याच्या तिसऱ्या अध्यायात तो त्या बारांतील शेवटचा शाप घेतो. संपूर्ण नियमशास्त्र न पाळणारा प्रत्येक जण शापित, असा त्याचा आशय असल्याने एबालावर सारी मानवजात येऊन उभी राहते. आणि झाडावर टांगलेला शापित, ह्या दुसऱ्या वचनाच्या आधारे क्रुसावरील ख्रिस्ताने तो शाप स्वतःवर घेतला, असे पौल प्रतिपादतो. रोमकरांस मात्र तो लिहितो की छळणाऱ्यांस आशीर्वाद द्या, शाप देऊ नका. असे असूनही, निराळी सुवार्ता सांगणाऱ्यास त्याने गलतीकरांच्या त्याच पत्राच्या आरंभी शापच दिला आहे. ह्या दोन वचनांचा मेळ घालण्याचा खटाटोप भाष्यकारांनी केला आहे; आम्हांस तो मेळ पुरता बसलेला दिसत नाही.

डोंगरावरील विधी मात्र नाहीसा झाला नाही. इंग्लंडच्या चर्चने १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी हे शाप वाचण्याचा विधी घातला, आणि १६६२ च्या पुस्तकातही तो कायम ठेवला. तेथे शाप दहा आहेत. हद्द सरकवणारा, आंधळ्यास भुलवणारा, विधवेचा न्याय बुडवणारा हे सर्व त्यांत आहेत, आणि प्रत्येकावर लोकांनी 'आमेन' म्हणावयाचे आहे. ह्या विधीच्या प्रस्तावनेत कारणही दिलेले आहे : प्राचीन मंडळीत उघड पाप्यांस जाहीर प्रायश्चित्त देण्याची शिस्त होती, ती आता उरलेली नाही; ती पुन्हा सुरू होईतो त्या जागी हे शाप वाचावे.