इंजेक्शन मोल्डिंगच्या वस्तूंचे अपयश : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्लास्टिकची वस्तू मोडली की ‘प्लास्टिकच ते, टिकणार किती?’ असे म्हणून विषय संपविण्याची सवय जुनी आहे. इंजेक्शन मोल्डिंगचा इतिहास पाहता हे विधान तपासून घ्यावे लागते. मोडण्याचे कारण बहुधा एकट्या पदार्थात नसून पदार्थ, साचा, यंत्र आणि वापर यांच्या विसंगतीत असते. ही विसंगती ओळखण्यास उद्योगाला दीर्घ काळ लागला.

जॉन वेस्ली हायट व त्याचा भाऊ आयझाया यांनी १८७२ मध्ये अमेरिकेत या पद्धतीच्या यंत्राचे पेटंट घेतले. तापवून मऊ केलेले सेल्युलॉइड दट्ट्याने साच्यात ढकलावयाचे, एवढीच त्यामागील कल्पना होती. तिच्यातील अडचण प्लास्टिकच्या स्वभावातच होती. प्लास्टिक उष्णतेचे मंदवाहक असल्याने नळकांड्याच्या भिंतीलगतचा थर करपू लागे, तेव्हा मधला भाग पुरेसा वितळलेलाही नसे. अशा विषम रसातून घडलेल्या वस्तूची ताकद जागोजागी वेगळी असणे स्वाभाविक होते. जेम्स वॉटसन हेंड्रीने १९४६ मध्ये मळसूत्राचे यंत्र बनविले. रस ढवळत ढवळत वितळू लागला आणि हा दोष बराच आटोक्यात आला.

तथापि साच्यातील दोष यंत्राने नाहीसे झाले नाहीत. रस थंड साच्याला टेकताच बाहेरचा थर गोठतो, आतला मागाहून आकसतो आणि त्या ओढाताणीचा ताण वस्तूत कायमचा कोंडला जातो. छिद्राला वळसा घालून आलेले दोन प्रवाह जेथे मिळतात, तेथे रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींत पुरेशा गुंतत नाहीत. डोळ्यांना ती केवळ एक रेघ दिसते; तडा अनेकदा तिच्यावरूनच जातो. आतला कोपरा टोकदार ठेवला तर ताण तेथे एकवटतो. हे सर्व समजण्यासाठी प्लास्टिक म्हणजे साखळीरूप महारेणू, ही दृष्टी आवश्यक होती. हेरमान श्टाउडिंगर याने ती १९२० मध्ये मांडली. समकालीन रसायनशास्त्रज्ञांनी तिला बराच विरोध केला. त्याला नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५३ मध्ये. कारखाने मात्र तोवर थांबले नव्हते.

वापरातून येणारे अपयश अधिक फसवे असते. कोंडलेला ताण असलेल्या पॉलिस्टायरिनला तेल किंवा चरबी लागली की, एरवी सहज सोसवेल अशा भारानेही भेगा पडतात. शीतकपाटांच्या आतील अस्तराला स्वयंपाकघरातील साध्या स्निग्ध पदार्थांनी तडे जाऊ शकतात, ते यामुळेच. येथे साचेकाराला दोष द्यावा की लोण्याला, असा प्रश्न पडावा!

डेन्मार्कमधील बिलुंड येथील लेगो कंपनीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तिने १९४९ मध्ये सेल्युलोज ॲसिटेटचे ठोकळे बाजारात आणले. हा पदार्थ हवेतील आर्द्रता शोषतो, त्यातील मृदुकारी द्रव्य काळानुसार निघून जाते आणि वस्तू वाकते. साध्या खेळण्यात हे खपून गेले असते. परंतु १९५८ मध्ये ठोकळ्याच्या पोटात नळ्या देऊन पकड घट्ट करण्याची रचना पेटंट झाली आणि मापातील अत्यल्प फरकही जाणवू लागला. सैल ठोकळा मनोऱ्यातून निसटतो, घट्ट ठोकळा मुलाच्या हाताला निघत नाही. म्हणजे पदार्थ तोच राहिला. रचनेने त्याच्याकडून केलेली अपेक्षा वाढली, आणि तो अपुरा ठरला. १९६३ पासून कंपनीने एबीएस स्वीकारले. ॲक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन व स्टायरिन यांच्या संयोगातील रबरी कण पसरू पाहणाऱ्या तड्याची ऊर्जा शोषून घेतात, शिवाय मापही स्थिर राहते.

त्यापूर्वीचे ॲसिटेटचे ठोकळे आज संग्राहकांकडे बहुधा वाकलेल्या अवस्थेत आढळतात. एबीएसचे ठोकळे मापाला पक्के राहिले. मात्र दीर्घकाळ उन्हात ठेवल्यास त्यांतील रबरी घटकाचे ऑक्सिडीकरण होते, पांढरा ठोकळा पिवळा पडतो आणि ठिसूळही होतो.