परवाना होता, परीक्षा नव्हती : ब्रिटनमधील वाहनचालक परीक्षेचा जन्म

१/८
परवाना म्हणजे वाहन चालवता येत असल्याचा पुरावा, असे आज आपण गृहीत धरतो. ब्रिटनमध्ये मात्र तीस वर्षांहून अधिक काळ या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नव्हता.

२/८
१९०३ च्या मोटर कार कायद्याने १ जानेवारी १९०४ पासून परवाना सक्तीचा केला. वय १७ पूर्ण असले आणि ५ शिलिंग भरले, की मोटारीचा परवाना मिळे. चालकाची ओळख पटावी, एवढाच त्याचा हेतू होता. कौशल्य कोणी तपासत नसे.

३/८
१९३० च्या कायद्याने मोटारींवरील वेगमर्यादाही उठवली. १९३४ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर सुमारे २४ लाख वाहने होती आणि त्या एका वर्षात ७,३४३ माणसे अपघातांत मृत्युमुखी पडली.

४/८
त्याच वर्षी नवा कायदा झाला. वाहतूकमंत्री होते लेस्ली होअर-बेलिशा. वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा आली आणि चालकांसाठी परीक्षा ठरली. एकदम गर्दी उसळू नये म्हणून मार्च १९३५ पासून ती ऐच्छिक ठेवली गेली. १ जूनपासून ती सक्तीची झाली.

५/८
शुल्क साडेसात शिलिंग, अवधी अर्धा तास. परीक्षा केंद्रे नव्हतीच. परीक्षक उमेदवाराला रेल्वे स्थानकावर किंवा उद्यानापाशी भेटत. पहिल्या वर्षी सुमारे ६३ टक्के उमेदवार उत्तीर्ण झाले. शिकाऊ चालकाच्या गाडीवर लाल 'एल'ची पाटीही तेव्हाच आली.

६/८
या सुधारणेत एक मोठी सवलत दडलेली होती. सक्ती फक्त १ एप्रिल १९३४ रोजी किंवा त्यानंतर वाहन चालवू लागलेल्यांना होती. म्हणजे ज्या अपघातांमुळे कायदा आला, त्या काळी रस्त्यावर असलेले बहुसंख्य चालक परीक्षेतून कायमचे सुटले. जुन्यांचा अनुभव हीच त्यांची पात्रता मानली गेली.

७/८
दुसऱ्या महायुद्धामुळे सप्टेंबर १९३९ मध्ये परीक्षा थांबल्या, त्या १ नोव्हेंबर १९४६ रोजी पुन्हा सुरू झाल्या. पुढे १९४७ मध्ये युद्धकाळातील तात्पुरते परवाने परीक्षेविना कायम करून घेण्यास वर्षभराची मुभा मिळाली. सवलतीची पुनरावृत्ती झाली.

८/८
ब्रिटिश भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने चालकाच्या क्षमतेची चाचणी आणली. आपल्याकडे शिकाऊ चालकाच्या गाडीवर आजही पांढऱ्या पाटीवरचा तोच लाल 'एल' असतो. त्या अक्षरामागे १९३४ सालच्या ७,३४३ मृत्यूंचा इतिहास आहे.