नाव कोणाचे, गळा कोणाचा?
(‘ड्रिफ्टर्स’ गायकवृंदाची कहाणी)



इतिहास म्हटला म्हणजे राज्ये, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु तह जसा दोन राजांत होतो, तसाच तो गवई आणि त्याचा मालक यांच्यातही होतो. आणि त्याचे परिणाम भोगणाऱ्याला तो काही कमी महत्त्वाचा वाटत नाही. अमेरिकेतील ‘ड्रिफ्टर्स’ ह्या गायकवृंदाचा इतिहास हा बव्हंशी अशाच एका कराराचा इतिहास आहे. ‘ड्रिफ्टर्स’ म्हणजे भटके. हे नाव त्यांना किती लागू पडणार होते, याची नाव ठेवणाऱ्यांना कल्पना नसावी.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या ध्वनिमुद्रिका दीर्घकाळ ‘रेस रेकॉर्ड्‌स’, म्हणजे वंशाच्या नावाने ओळखल्या जात. १९४९ साली ‘बिलबोर्ड’ ह्या व्यापारी साप्ताहिकाने ते नाव टाकून ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव स्वीकारले. ह्या संगीतात चार-पाच जणांच्या वृंदांना मोठा मान होता. एकाने पुढे होऊन गावयाचे, इतरांनी निरनिराळ्या स्वरांत त्याला साथ द्यावयाची, आणि तळाशी एक खर्जाचा आवाज असावयाचा, अशी त्यांची रचना असे. ही रीत बरीचशी चर्चमधील भजनांतून आलेली होती.

क्लाइड मॅकफॅटर हा अशाच संस्कारात वाढला. त्याचा पिता बॅप्टिस्ट धर्मोपदेशक होता. १९५० साली तो बिली वॉर्डच्या ‘डॉमिनोज’ वृंदात शिरला. त्याच्या उंच, आर्त आवाजाने वृंदाला कीर्ती मिळाली. पण नाव वॉर्डचे आणि पैसाही वॉर्डचा! जाहिरातींतून क्लाइडला कधीकधी ‘क्लाइड वॉर्ड’ म्हणून, मालकाचा भाऊ भासेल अशा रीतीने पुढे करीत. १९५३ साली तो तेथून बाहेर पडला. अटलांटिक कंपनीचे अहमत अर्तेगुन यांनी त्याच्याभोवती नवा वृंद उभारण्याचे ठरविले. तोच ‘ड्रिफ्टर्स’. त्यांचे ‘मनी हनी’ हे गीत त्याच वर्षी ‘रिदम अँड ब्लूज’च्या यादीत ११ आठवडे अग्रस्थानी राहिले.

१९५४ मध्ये मॅकफॅटरला सक्तीच्या लष्करी नोकरीचे बोलावणे आले. पुढे स्वतंत्रपणे गाण्याचे ठरवून त्याने वृंदातील आपला वाटा व्यवस्थापक जॉर्ज ट्रेडवेल यांस विकून टाकला. ट्रेडवेल एके काळचे ट्रंपेटवादक, गायिका सारा व्हॉन यांचे त्या वेळचे पती. ‘ड्रिफ्टर्स’ हे नाव आता सर्वस्वी त्यांचे झाले आणि गाणारे आठवड्याच्या पगाराचे नोकर झाले. ज्या अन्यायाला कंटाळून मॅकफॅटर डॉमिनोजमधून निघाला होता, तोच अन्याय त्याच्या सहीने मागे राहिलेल्यांच्या वाट्याला आला. पुढे त्याला ह्याचा पश्चात्ताप झाला. पण विकलेली वस्तू परत येत नाही.

मग १९५८ साल उजाडले. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील अपोलो नाट्यगृहात वृंदाचे प्रयोग चालू असताना भांडण झाले, आणि ट्रेडवेल यांनी सगळाच्या सगळा वृंद काढून टाकला. अपोलोशी पुढील करार झालेले होते. तेव्हा ‘ड्रिफ्टर्स’ तर हवेच! त्याच रंगमंचावर ‘फाइव्ह क्राउन्स’ नावाचा दुसरा वृंद गात होता. त्यातील मंडळींना त्यांनी उचलले आणि ड्रिफ्टर्स हे नाव दिले. जुन्या रसिकांनी ठिकठिकाणी त्यांची हुर्यो केली. नाव ओळखीचे, पण एकही आवाज ओळखीचा नाही!

आता इतिहासाची गंमत पाहा. हीच नवी मंडळी जुन्यांहून मोठी ठरली. १९५९ साली लीबर आणि स्टोलर या जोडीने त्यांच्याकडून ‘देअर गोज माय बेबी’ हे गीत गाऊन घेतले. त्यात व्हायोलिने होती, टिंपनी हे मोठे नगाऱ्यासारखे वाद्य होते. कंपनीचे जेरी वेक्स्लर यांना तो प्रकार मुळीच रुचला नाही. परंतु सर्वसाधारण यादीत ते गीत दुसऱ्या क्रमांकावर पोचले. त्यातील मुख्य आवाज बेन ई. किंगचा. १९६० मध्ये ‘सेव्ह द लास्ट डान्स फॉर मी’ पहिल्या क्रमांकावर गेले. ते लिहिणारे डॉक पोमस पोलिओमुळे कुबड्यांवर चालत; आपल्या पत्नीला इतरांबरोबर नाचताना पाहणाऱ्याचे मन त्या गीतात उतरले आहे.

गीत पहिले आले तेव्हा किंग मात्र वृंदात नव्हता. पगारवाढ व उत्पन्नातील वाजवी वाटा मागितला, तो नाकारला गेला, म्हणून तो निघून गेला होता. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी ह्या गायकांची स्थिती होती. त्याच्या जागी रूडी लुइस आला. १९६४ च्या मे महिन्यात, ध्वनिमुद्रणाच्या आदल्या रात्री लुइसचा अकस्मात मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी जॉनी मूरने गाणे म्हटले. ते गाणे म्हणजे प्रसिद्ध ‘अंडर द बोर्डवॉक’! माणूस गेला, नाव एक दिवसही थांबले नाही.

मालकाची बाजूही न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. एकसारखे गायक बदलत असताना ते नाव टिकले नसते, तर ही उत्तम गीते त्या नावाने झाली नसती, हे खरे. परंतु नावाला मोल आले ते कोणाच्या गळ्याने? काढून टाकलेल्यांपैकी बिल पिंकनी यांनी ‘ओरिजिनल ड्रिफ्टर्स’ उभारून २००७ साली मरेपर्यंत हाच प्रश्न विचारीत गाणे चालू ठेवले. १९६७ मध्ये ट्रेडवेल वारले, तरी नाव त्यांच्या पत्नी फे ट्रेडवेल यांच्याकडे राहिले. १९७० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये त्याच नावाने नवी गीते गाजली.

एकविसाव्या शतकात अमेरिकेतील अनेक राज्यांनी तोतया वृंदांविरुद्ध कायदे केले. जुन्या वृंदातील निदान एक गायक असल्यावाचून ते नाव लावता येऊ नये, असा त्यांचा सामान्य आशय. परंतु नावाची कायदेशीर मालकी ज्याच्याकडे आहे, त्याला ह्या अटीतून सूट आहे! म्हणजे तोतयाला कायद्याने अडविले. ज्याने कागदावर नाव घेऊन ठेवले, त्याला नाही. १९८८ साली ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने ड्रिफ्टर्सना सन्मान दिला, तो मात्र मॅकफॅटर, पिंकनी, किंग, लुइस, मूर अशा दोन्ही काळांतील गायकांची नावे वेगवेगळी उच्चारून दिला. कागदाने एका नावाखाली जे झाकले होते, ते निदान तेथे तरी उघड झाले.