लष्करी मुंग्यांचे वर्गीकरण : एकाच वसाहतीतील नर व कामकरी ओळखण्याचा पेच

तंजावूर : कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात काळ्या मुंग्यांची लांबलचक रांग दिसली की तिला सहज ‘लष्करी मुंग्या’ म्हटले जाते. दक्षिण भारतात अशी रांग बऱ्याचदा लेप्टोजेनिस प्रोसेशनॅलिस या प्रजातीची असते. टी. सी. जेर्डन यांनी १८५१ मध्ये तिचे वर्णन केले. वाळवीची शिकार करणाऱ्या या मुंगीला डोळे असतात आणि ती पोनेरिनी उपकुलात मोडते. खऱ्या लष्करी मुंग्या डोरायलिनी या वेगळ्या उपकुलातील असून, भारतात त्यांचे डोरायलस व एनिक्टस हे दोन वंश आढळतात.

या दोन्ही वंशांतील कामकरी मुंग्यांना डोळे नसतात. त्यांच्यातील फरक भिंगाखाली स्पष्ट होतो. डोरायलसच्या कमरेला एकच गाठ असते, तर एनिक्टसच्या कमरेला दोन. डोरायलसच्या एकाच वसाहतीत लहानमोठ्या आकाराच्या कामकरी मुंग्या असतात. एनिक्टसच्या कामकरी मुंग्या साधारण सारख्याच आकाराच्या व आकाराने लहान असतात. प्रजाती ठरवताना शृंगिकेचे खंड, जबड्याची ठेवण आणि शरीरावरील नक्षी तपासली जाते.

खरा पेच नरांमुळे निर्माण होतो. नर पंखधारी व मोठ्या डोळ्यांचे असतात आणि रात्री दिव्यांकडे आकर्षित होतात. राणीला मात्र पंख नसतात. नर आणि कामकरी यांच्यात इतके कमी साम्य असते की, लिनियसने १७६४ मध्ये आफ्रिकेतील डोरायलसच्या नराची गणना गांधीलमाश्यांमध्ये केली होती. डब्ल्यू. ई. शुकार्ड यांनी १८४० मध्ये एनिक्टस वंशाची स्थापना केली, तीही नराच्या आधारे. परिणामी काही प्रजाती केवळ नरांवरून, तर काही केवळ कामकऱ्यांवरून नोंदल्या गेल्या. एकाच प्रजातीला दोन नावे मिळण्याचा धोका त्यातून निर्माण झाला.

भारतातील अभ्यासाला मुंबई इलाख्यातून मोठा हातभार लागला. वन अधिकारी आर. सी. रॉटन आणि निसर्ग अभ्यासक ई. एच. एटकेन यांची नावे स्विस शास्त्रज्ञ ऑगस्ट फोरेल यांनी अनुक्रमे १८९० व १९०१ मध्ये दोन एनिक्टस प्रजातींना दिली. सी. टी. बिंगहॅम यांच्या १९०३ मधील ग्रंथाने ही विखुरलेली माहिती एकत्र आणली. पुढे २०१४ मध्ये जनुकीय पुराव्यांच्या आधारे लष्करी मुंग्या व त्यांचे आप्त असलेली सहा उपकुले डोरायलिनी या एकाच उपकुलात विलीन करण्यात आली.

अचूक ओळखीचा संबंध शेतीशीही आहे. एनिक्टस मुंग्या मुख्यतः इतर मुंग्यांच्या अळ्या व कोषांवर जगतात; पिकांना त्यांचा उपद्रव नसतो. याउलट जमिनीखाली वावरणारी डोरायलस ओरिएंटॅलिस बटाटे पोखरते, भुईमुगाच्या शेंगांचेही नुकसान करते. तंजावूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात भुईमूग घेतला जातो. तेथे प्रत्येक रांगेवर कीटकनाशक फवारल्यास वाळवी खाणाऱ्या उपयुक्त मुंग्याही नष्ट होतात.

त्यामुळे मुंगीला डोळे आहेत का आणि कमरेला गाठी किती, हे आधी पाहणे हिताचे ठरते. प्रजातीच्या निश्चितीसाठी एकाच वसाहतीतील नर व कामकरी यांचे नमुने एकत्र मिळणे सर्वांत उपयुक्त असते. ते शक्य नसेल, तर दोहोंच्या जनुकांची तुलना करून नाते पडताळता येते.