तेरची लज्जागौरी

धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे सातवाहनकाळातील तगर. तेरणाकाठच्या या गावाच्या पांढरीत मातीच्या बाहुल्या सापडत आल्या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या आस्थेने जमवल्या. त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आज गावात आहे.

तेरला सापडलेल्या एका मूर्तिप्रकाराचे नाव मात्र अभ्यासकांना अडचणीचे ठरले. या मूर्तीला मस्तक नाही, गुडघे दुमडून पाय फाकलेले, योनी उघडी. ह. धी. सांकळिया यांच्या १९६० च्या इंग्रजी लेखाच्या शीर्षकातही ‘निर्लज्ज स्त्री’ हे जुने नाव आले, अर्थात अवतरणचिन्हांत. ते मूर्तीवर अन्याय करणारेच होते. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथात तिला सर्जनाची मातृदेवता मानून तिचा धागा रेणुका-यल्लम्मेशी जोडला.