नाव सोनूबाई

पेशवाईत रुपया एकच नव्हता. अंकुशी, चांदवडी, मलकापुरी असे नाना टांकसाळींचे रुपये बाजारात फिरत आणि म्हणूनच पोतदाराला मान असे. तो नाणे हातात घेई, उलटसुलट करी, वाजवून पाही आणि मग सांगे, खरे की खोटे. छाप काय, कोणीही उठवील. नाद उठवणे कठीण, हे त्याला पक्के ठाऊक असे.

गेल्या दिवाळीत या पोतदाराची मला फार आठवण झाली आणि तीही एका विजेच्या गिटारीपायी. माझा एक जुना विद्यार्थी ऑर्केस्ट्रात वाजवतो. गणपती-नवरात्राचे तीन हंगाम राबून साठवलेल्या पैशांतून त्याने एक वापरलेली गिटार विकत घेतली. तिच्या डोक्यावर झोकदार अक्षरांत ‘गिब्सन’ असे नाव होते. “अमेरिकेची अस्सल आहे, घरी पडून होती म्हणून स्वस्तात देतो,” असे विकणारा म्हणाला होता. पाडव्याच्या दिवशी फराळाला आला तेव्हा गिटार माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, “गुरुजी, तुम्ही इतिहास शिकवता ना? मग हिचा इतिहास सांगा.”

मी मॅट्रिक झालेला मास्तर. सूर मला कळतो तो पेटीपुरता. पण इतिहास म्हटल्यावर मागे हटणे बरे दिसेना. मी वाचू लागलो, आणि एखाद्या कादंबरीला लाजवील अशी हकिगत हाती आली.

गिब्सनचा कारखाना तेव्हा अमेरिकेतील मिशिगन राज्यात, कॅलमझू गावी होता. १९५२ साली त्याने लेस पॉल या नामांकित वादकाच्या नावाची भरीव अंगाची गिटार काढली. अंग महोगनीचे, वर मेपलचा थर आणि त्यावर सोनेरी मुलामा. १९५८ साली सोनेरी रंग जाऊन मेपलच्या रेषा दिसतील असा, कडेला लाल आणि मध्ये पिवळा होत जाणारा पारदर्शक रंग आला. किंमत तीनशे डॉलरांहून कमी. तरी गिऱ्हाईक फिरकेना! दीड हजारांच्या आसपास नग निघाले, १९६० साली ही घडण बंद पडली आणि पुढच्या वर्षी तिच्या जागी पातळ अंगाची निराळीच गिटार आली.

मग दैव फिरले. १९६६ साली जॉन मेयॉलच्या ताफ्यातील एरिक क्लॅप्टन या तरुण इंग्रज वादकाची ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यातील गिटारीचा भरदार आवाज त्याच टाकून दिलेल्या लेस पॉलचा होता. जो तो ती शोधू लागला. १९६८ साली कारखान्याने लेस पॉलची घडण पुन्हा सुरू केली, पण जुन्या दीड हजारांत एकाचीही भर पडणे आता शक्य नव्हते. आज त्यांतल्या एकेकीला लाखो डॉलर मोजावे लागतात. मागणी आहे आणि माल नाही, अशा ठिकाणी खोट्याला पाय फुटतात.

मात्र येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. १९७०च्या सुमारास जपानी कारखान्यांनी या गिटारीच्या हुबेहूब नकला काढल्या. गिब्सनच्या मालक कंपनीने १९७७ साली त्यांपैकी आयबानेझ गिटारींच्या अमेरिकेतील वितरकावर खटलाही भरला. भांडण होते ते गिटारीच्या डोक्याच्या आकारावरून; पुढे ते आपसांत मिटले. पण आयबानेझवर नाव आयबानेझ असेच असे. ती नक्कल होती, लबाडी नव्हती. लबाडी सुरू होते ती पुढच्या हाती. कोणी मूळचे नाव खरवडून दुसरे चिकटवतो. कोणी १९५२ ते ५७ मधली खरीच सोनेरी गिटार घेतो, मुलामा उतरवतो, लाल-पिवळा रंग चढवतो आणि १९५९ची म्हणून विकतो. लाकूड खरे, कारखाना खरा, सांगणे तेवढे खोटे!

मग पारख करायची कशी? जाणकार मंडळी डोक्यावरच्या नावाकडे शेवटी पाहतात. आधी पाठ पाहतात. १९५८ ते ६० सालांतल्या लेस पॉलचा अनुक्रमांक डोक्याच्या मागे शाईने उमटवलेला असे आणि त्याचा पहिला आकडा सालाचा असे : ८, ९ किंवा ०. तेथे ठोकून उठवलेला आकडा दिसला तर शंका घ्यावी. ‘अमेरिकेत बनवली’ असा ठसा तर गिब्सन १९७०च्या सुमारास मारू लागली. तो १९५९च्या गिटारीवर कोठून येणार? लाल रंग उजेडाने विटतो, पण झाकल्या भागाखाली ताजा राहतो. सगळीकडे सारखाच विटलेला असेल तर उन्हाने नव्हे, माणसाने विटवला. अतिनील किरणांच्या दिव्याखाली जुने लॅकर हिरवट-पिवळे चमकते आणि नंतरची डागडुजी वेगळी उठून दिसते.

सर्वांत मौजेची साक्ष पोटात असते. तारांचा नाद पकडून विजेत उतरवणारे ‘पिकअप’ सेथ लव्हर नावाच्या तंत्रज्ञाने बनवले. १९५५ साली पेटंटसाठी अर्ज गेला, म्हणून त्यांच्या तळाला ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची इंग्रजी चिठ्ठी असे. पेटंट १९५९ साली मिळाले. पुढे १९६२च्या सुमारास चिठ्ठीवर क्रमांक छापू लागले, २७३७८४२. आणि हा क्रमांक चुकीचा! तो लेस पॉलच्या तारा अडकवण्याच्या पट्टीच्या पेटंटचा. परीक्षेत नक्कल करणारा मुलगा शेजाऱ्याची चूकही उतरवतो आणि सापडतो. येथे उलटे, चूक दुरुस्त करील तो सापडेल.

एवढे वाचून झाल्यावर एका रविवारी आम्ही दोघे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलो. मानेतल्या पोलादी कांबेच्या तोंडावर एक छोटे झाकण असते. गिब्सनच्या झाकणाला दोन स्क्रू असतात. आमच्याला तीन होते. गिब्सनची मान आणि डोके सलग लाकडातून कोरलेले असते. आमच्या मानेच्या पाठीवर तिरकस जोडाची रेघ स्पष्ट दिसत होती. असा जोड काही पाप नव्हे, कितीतरी प्रामाणिक गिटारींना तो असतो. पण वर गिब्सनचे नाव लावून तो चालत नाही.

पोरगा बराच वेळ बोलला नाही. पैसे देण्याआधी दोन स्क्रू काढू द्या, एवढे म्हणाला असता तर तीन हंगाम वाचले असते. मग हळूच म्हणाला, “गुरुजी, एक जण हीच गिटार दिल्या किमतीपेक्षा जास्त देऊन मागतोय. त्याला यातले काही ठाऊक नाही.”

मी काय सांगणार? पैसे त्याचे होते, माझे नव्हते. खोटा रुपया हाती आला की शहाणीसुरती माणसेही तो संध्याकाळच्या अंधारात भाजीवालीला खपवतात, हे मी लहानपणी पाहिले आहे. एकाच्या लबाडीने खोटे नाणे जन्माला येते खरे. पण ते बाजारात जगते फसलेल्यांच्याच हातांनी. मी चहा टाकायला आत गेलो.

चहा घेऊन आलो तो दाढीच्या पात्याने तो डोक्यावरचे नाव खरवडत होता.

यंदाच्या नवरात्रात तीच गिटार घेऊन तो उभा राहिला. मी मुद्दाम ऐकायला गेलो. पहिल्या गाण्याला मंडपात शिट्ट्या पडल्या आणि कोणी नाव विचारले नाही. डोक्यावरची जागा अजून कोरी आहे. “तेथे तुझेच नाव घाल की रे,” म्हटले, तर लाजला.